गॅरेज सेलमधली जुनी स्टंपजंपर घ्यावी का? स्टीलच्या माउंटन बाईकची किंमत कशी ठरते

प्रश्न थोडक्यात असा आहे की कॅलिफोर्नियातल्या सनीवेलला घराजवळच्या गॅरेज सेलमध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची एक निळी स्टंपजंपर माउंटन बाईक मिळतेय, विकणारे आजोबा म्हणतात 1982 ची आहे, "व्हिंटेज" आहे म्हणून 450 डॉलर सांगतायत, आणि तुम्हाला विचारायचंय की खरंच ती 82 ची आहे का, एवढे पैसे द्यावेत का, आणि पुढे भाव वाढेल म्हणून ठेवून द्यायची की पुढच्या वेळी पुण्याला भावाकडे घेऊन जायची. मी बे एरियात बरीच वर्षं जुन्या स्टीलच्या सायकली दुरुस्त करतोय, विकतो पण थोड्याफार, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

आधी उत्तर देऊन टाकतो. ती 82 ची नाही, 1988 च्या आसपासची आहे. 450 देऊ नका. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) मोकळा होत असेल आणि फ्रेम सरळ असेल तर 200 पर्यंत आनंदाने घ्या, त्या पैशात इतकी चांगली सायकल नवी मिळणारच नाही. पण गुंतवणूक म्हणून नको, चालवायला घ्या.

आता 88 ची कशावरून ते सांगतो, कारण हेच शिकून घेण्यासारखं आहे. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत मागचा ब्रेक दिसतोय का बघा, तो वर सीटजवळच्या नळ्यांवर नाहीये, खाली चेनस्टेच्या (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या आडव्या नळ्या) पोटाशी आहे, बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलचा आस बसतो ती जागा) मागे. त्याला यू-ब्रेक म्हणतात. 1986 ते 89 च्या दरम्यान सगळ्या कंपन्यांना तो तिथे बसवायची हौस आली होती आणि तीनचार वर्षांत ती गेली पण, कारण सगळा चिखल नेमका तिथेच जाऊन बसतो आणि साफ करायला हात जात नाही. दुसरं, शिफ्टरवर एसआयएस लिहिलंय म्हणजे क्लिक-क्लिक करत गिअर पडणारं इंडेक्स शिफ्टिंग आहे, आणि मागे सहा चकत्या आहेत. सुरुवातीच्या स्टंपजंपरला मागे पाच चकत्या आणि पुढे तीन, असे पंधरा गिअर होते, आणि शिफ्टर साधे, अंदाजाने सरकवायचे. तिसरं आणि सगळ्यात पक्कं म्हणजे क्रॅंकच्या (पॅडलचा दांडा) आतल्या बाजूला दोन अक्षरं कोरलेली दिसतायत, एल आणि जे. पार्ट बनवणाऱ्या शिमानो कंपनीची तेव्हाची पद्धत अशी होती की पहिलं अक्षर वर्ष आणि दुसरं महिना, वर्ष ए म्हणजे 1976 पासून मोजायचं. एल म्हणजे 1987, जे म्हणजे दहावा महिना, ऑक्टोबर. ऑक्टोबर 87 ला बनलेला क्रॅंक 88 च्या मॉडेलवर लागतो, हिशोब बरोबर जुळतो. एका पार्टवरून मात्र ठरवू नका, तो नंतर बदललेला असू शकतो. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा पार्ट), हब (चाकाचा मधला भाग), ब्रेक लिव्हर, सगळ्यांवरची अक्षरं बघा, ती दोनचार महिन्यांच्या अंतरात आली तर दोन गोष्टी एकदम कळतात, सायकल कधीची आहे ते, आणि पार्ट मूळचे आहेत ते. ही दुसरी गोष्ट किमतीसाठी जास्त महत्त्वाची.

आजोबा खोटं बोलतायत असं नाही बरं का. तीसचाळीस वर्षांनी कोणाला नक्की वर्ष आठवतं, आणि स्टंपजंपर 1981 ला आली हे नेटवर वाचलेलं असतं, त्यामुळे घरातल्या जुन्या सायकलला तेच वर्ष चिकटतं.

तर 81-82 ला एवढा भाव का आणि 88 ला का नाही. तुम्ही राहता तिथून तासा-दीड तासावर, गोल्डन गेट ओलांडून पलीकडे मरीन काउंटीत हे सगळं सुरू झालं. सत्तरच्या दशकात तिथली पोरं 1930-40 च्या जुन्या जाडजूड श्विनच्या फ्रेम, एक्सेल्सिअर वगैरे, घेऊन माउंट टॅम डोंगराच्या परिसरात मातीच्या रस्त्यांवरून खाली सोडायची. 1976 पासून फेअरफॅक्सजवळच्या एका उतारावर शर्यती लागायला लागल्या, तिला रीपॅक म्हणायचे, कारण एकदा खाली आलं की मागच्या कोस्टर ब्रेकच्या (पॅडल उलटं दाबलं की लागणारा) हबमधलं ग्रीस जळून गेलेलं असायचं आणि परत भरायला लागायचं. तिथल्याच जो ब्रीझनी 1977 ला मुद्दाम ह्या कामासाठी म्हणून क्रोमोली (हलकं, मजबूत मिश्र) स्टीलची नवीन फ्रेम बनवली, ती पहिली ब्रीझर आज स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये आहे. त्या पहिल्या मालिकेत फक्त दहा सायकली होत्या. मग टॉम रिची फ्रेम बनवायला लागला, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 1979 ला "माउंटनबाइक्स" नावानेच कंपनी काढून त्या विकल्या. आणि 1981 ला स्पेशलाइज्डने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर 750 डॉलरला आणली, आणि हा प्रकार गॅरेजमधून थेट दुकानात आला.

म्हणून पहिल्या स्टंपजंपरला मान आहे, तिच्यामागे ही सगळी गोष्ट आहे आणि नगही कमी उरलेत. ती ओळखायची कशी, तर फ्रेमच्या सांध्यांवर लग (नळ्या ज्यात बसवतात ते धातूचे जोड) नाहीत, सरळ वेल्ड केलेली आहे, मोटरसायकलला असतात तसले लांब मागुरा ब्रेक लिव्हर, फ्रेंच माफॅक ब्रेक, टीए कंपनीचा तीन चकत्यांचा क्रॅंक, सनटूरचे डिरेलर. असं काही कधी दिसलं आणि मालकाला माहीत असूनही माफक मागत असेल तर घासाघीस करत बसू नका. त्यानंतरच्या लग असलेल्या पण सुंदर आहेत, त्यांनाही मागणी आहे, पण 81-82 ची गोष्ट वेगळी.

आणि इथेच मुद्दा येतो जो मी भेटेल त्याला सांगतो. डाउनट्यूबवर (पुढून पॅडलकडे तिरकी उतरणारी नळी) लिहिलेल्या नावाला किंमत नसते, ती विशिष्ट फ्रेम कोणी, कुठे, कधी जोडली त्याला असते. एकाच नावाखाली जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या सायकली निघाल्यात. गॅरी फिशरचंच बघा, सुरुवातीच्या फ्रेम स्वतः टॉम रिचीने जोडलेल्या, त्या संग्रहात जातात. पुढे जपानमध्ये आणि मग तैवानमध्ये बनायला लागल्या, 1993 ला ट्रेक या मोठ्या कंपनीने ब्रँड घेतला, आणि त्यानंतरच्या साध्या फिशर सायकली चालवायला बऱ्या पण संग्राहक त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. फॅट चान्स म्हणजे तर बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलचं नाव, क्रिस चान्सने 1982 ला सुरू केलं, त्यांची यो एडी ही नव्वदच्या दशकातली लोकांची स्वप्नातली सायकल, पण 1994 ला सॉमरव्हिलचं वर्कशॉप बंद झालं आणि काम न्यूयॉर्क राज्यात हललं, आणि आजही लोक पहिला प्रश्न हाच विचारतात की सॉमरव्हिलची आहे का. बॉन्ट्रेगर तसंच, सांताक्रूझला किथ बॉन्ट्रेगरच्या वर्कशॉपमध्ये बनलेल्या आणि 1995 ला ट्रेकने विकत घेतल्यानंतरच्या, दोन वेगळे भाव. तुमच्या इथे बॉन्ट्रेगर लिहिलेले हँडल आणि टायर कचऱ्यासारखे पडलेले असतात, ते नाव बघून उड्या मारू नका.

उलटंही होतं. कोणाला फारसं माहीत नसलेलं नाव असतं आणि फ्रेम अव्वल निघते. ऐंशीच्या दशकातल्या जपानी फ्रेम ह्यात पहिल्या. मियाटा, पॅनासॉनिक, युनिव्हेगाच्या वरच्या मॉडेल, आणि माझी सगळ्यात आवडती ब्रिजस्टोन एमबी-1. ग्रँट पीटरसनच्या देखरेखीखाली ब्रिजस्टोनच्या अमेरिकन शाखेने ज्या सायकली काढल्या त्यांच्यात एक स्वच्छ विचार दिसतो, लग असलेली हलकी फ्रेम, उगाच काही चमकोगिरी नाही, आणि जे फॅशनमध्ये आहे ते न लावता जे चालतं तेच लावायचं. 1994 ला त्यांनी अमेरिकेतला धंदा गुंडाळला आणि त्या दिवसापासून एमबी-1 चे भक्त वाढतच गेले. जपानी फ्रेम इतक्या चांगल्या असून नंतर बंद का झाल्या, तर 1985 च्या प्लाझा चलन करारानंतर येन महाग झाला, जपानमध्ये बनवणं परवडेना आणि सगळं तैवानला गेलं. म्हणून सीटट्यूबवर "मेड इन जपान" चा छोटा स्टिकर दिसला की मी जरा थांबून बघतोच. तुमच्या फोटोत तो आहे का नीट दिसत नाही.

लहान कारागिरांमध्ये आणखी कोण, तर आपल्या इथलेच बरेच. स्टीव्ह पॉट्स, साल्साचा रॉस शेफर, आयबिसचा स्कॉट निकोल, सांताक्रूझचा रॉक लॉब्स्टर, आणि दक्षिणेकडची येटी, जिची स्टीलची एफआरओ त्या फिरोझी रंगात दिसली की माणसं चालता चालता थांबतात. कॅनडातून रॉकी माउंटन, ब्रोडी, आणि कोनाची एक्सप्लोसिफ. रिची स्वतःच्या नावाने बनवायचा त्या तर आहेतच, त्यातल्या काही कॅलिफोर्नियात आणि काही जपानमध्ये टोयोच्या कारखान्यात बनलेल्या, दोन्ही चांगल्या, पण रिचीच्या हातचं फिलेट ब्रेझिंग हा बघण्याचा विषय आहे. लग नाही, वेल्डचे खवले नाहीत, दोन नळ्या जिथे भेटतात तिथे पितळ वितळवून घासून असा गुळगुळीत वळसा दिलेला असतो की जणू एकच नळी तिथे दुभंगलीय. बोट फिरवलं की कळतं. फेअरफॅक्सला मरीन म्युझियम ऑफ बायसिकलिंग आहे, 2015 ला उघडलं, माउंटन बाईक हॉल ऑफ फेम पण तिथेच आहे. एक रविवार काढा आणि जाऊन या, असले सांधे डोळ्याखालून एकदा गेले की गॅरेज सेलमध्ये नजर आपोआप तयार होते, नेटवरच्या फोटोंनी ते होत नाही.

आणि मग राहिला सगळा मोठा ढीग. ट्रेक 820, हार्डरॉक, साधी रॉकहॉपर, जीटी आउटपोस्ट, श्विन साइडवाइंडर. ह्या वाईट सायकली अजिबात नाहीत, मी स्वतः कित्येक पोरांना कॉलेजला जायला ह्याच करून देतो. पण लाखांनी बनलेल्या आहेत, आणि नुसतं जुनं असणं म्हणजे दुर्मिळ असणं नव्हे. त्याच्याही खाली मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या सायकली, हफी, मरी वगैरे. तिथे क्रॅंक बघा, डावा-उजवा मिळून एकाच लोखंडी सळईचा वाकवलेला असेल तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, स्टिकरवर काही का लिहिलेलं असेना. अपवाद तेवढा त्या जुन्या एक्सेल्सिअरचा, तिच्यात तसलाच क्रॅंक असायचा आणि खरा जुना क्लंकर (मरीनच्या पोरांची ती उतारावरची सायकल) सापडला तर ती वेगळीच लॉटरी.

आता सायकलजवळ गेल्यावर काय करायचं ते सांगतो, कारण नाव-गाव सगळं बरोबर असून फ्रेम वाकलेली असेल तर अर्थ नाही.

सगळ्यात आधी खाली वाका आणि हेडट्यूबच्या (हँडलखालची छोटी उभी नळी) मागे डाउनट्यूबच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. समोरून जोरात आपटलेल्या सायकलला तिथे नळीवर हलकी सुरकुती पडते, रंगाला आडवी भेग जाते नाहीतर फुगवटा येतो. दिसायला कधीकधी काहीच दिसत नाही पण बोटाला कळतं, आणि नखाने आडवं घासलं तर नख अडकतं. ते सापडलं की सायकल खाली ठेवायची आणि नमस्कार करून निघायचं, फारच दुर्मिळ फ्रेम असेल आणि चांगला फ्रेमबिल्डर नळी बदलून देणार असेल तर गोष्ट वेगळी. त्याच बरोबर बाजूला उभं राहून फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) बघा, फोर्कचा वरचा भाग हेडट्यूबच्या रेषेत सरळ खाली आला पाहिजे, क्राउनपासून (फोर्कचे दोन पाय जुळतात तिथून) मागे झुकलेला दिसला तर धडक बसलेली आहे.

मग दोरा. हे कोणालाही जमतं. मागच्या ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो ती खाच) दोरा बांधा, पुढे हेडट्यूबवरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूच्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, आणि सीटट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजा. एकदोन मिलिमीटरचा फरक चालतो, कारखान्यातूनच तसा यायचा. तीनचार मिलिमीटर असेल तर फ्रेम सरळ करून घ्यावी लागेल, स्टीलची असल्याने होते ती सरळ, अल्युमिनियमची असती तर नसती झाली, पण तेवढे पैसे किमतीतून कमी करायचे. गॅरेज सेलमध्ये दोरा घेऊन बसायला संकोच वाटत असेल तर वाटू द्या, दोनशे डॉलरचा प्रश्न आहे.

सीटपोस्टला मी सगळ्यात वरचं स्थान देतो. सीटपोस्ट अल्युमिनियमचा आणि नळी स्टीलची, मधे ग्रीस नाही, घाम आणि पावसाचं पाणी, आणि वीस वर्षं कोणी हलवला नाही, की दोन्ही धातू एकमेकांना घट्ट धरतात. विकणाऱ्यासमोरच बोल्ट सैल करा आणि सीट धरून पिळून बघा. हलला तर सोन्याहून पिवळं. नाही हलला तर भेदक तेल टाकून दिवसचे दिवस थांबायचं, व्हाइसमध्ये सीटपोस्ट धरून सगळी फ्रेम फिरवायची, आणि शेवटी आतून करवतीच्या पात्याने चीर पाडत काढायचा, असला उद्योग असतो. कॉस्टिक सोड्याने अल्युमिनियम विरघळवायचे व्हिडिओ बघाल, ते घरात करू नका, डोळ्यांचा आणि हातांचा प्रश्न आहे, शिवाय रंग जातो तो जातोच. अडकलेला सीटपोस्ट म्हणजे किंमत निम्मी, हा माझा नियम आहे आणि मी तो मोडत नाही.

निघाला सीटपोस्ट तर त्यावर छापलेला आकडा वाचा. नेहमीच्या मापाच्या सीटट्यूबमध्ये 27.2 किंवा 26.8 चा पोस्ट जात असेल तर नळीची जाडी कमी आहे, म्हणजे चांगलं क्रोमोली, टांगे प्रेस्टिज (नळ्यांचा एक जपानी ब्रँड) किंवा त्या तोडीचं काहीतरी. 26 किंवा त्याच्या खाली असेल तर नळी जाड आहे, साधं हाय-टेन्साइल स्टील. नव्वदनंतर जाड मापाच्या नळ्या आल्यावर हा हिशोब चुकतो, पण ऐंशीच्या दशकासाठी चांगला चालतो आणि नळीचा स्टिकर गेलेला असेल तेव्हा तर हाच आधार. स्टिकर असेल तर शब्द नीट वाचा, "क्रोमोली" एवढंच लिहिलेलं आणि "डबल बटेड" (टोकांना जाड, मधे पातळ नळी) पण लिहिलेलं ह्यात फरक आहे, आणि काही स्वस्त सायकलींवर तीन मुख्य नळ्याच क्रोमोलीच्या असतात, मागचा त्रिकोण साधा.

त्याच वेळी मोबाइलचा टॉर्च लावून सीटट्यूबमध्ये आत बघा. बाहेरचा लाल भुरका गंज घाबरण्यासारखा नसतो, पुसला जातो. आतून पापुद्रे सुटत असतील, किंवा बॉटम ब्रॅकेटच्या आसपास रंगाखाली फोड आले असतील तर मात्र नको. समुद्राजवळ, सांताक्रूझ नाहीतर पॅसिफिका साइडला राहिलेल्या सायकलींमध्ये हे जास्त बघायला मिळतं.

पार्ट्सबद्दल. संग्राहकाला सायकल जशी दुकानातून निघाली तशी हवी असते, त्यामुळे मूळ फोर्क हा मोठा मुद्दा. रॉकशॉक्सचा पहिला आरएस-1 1989 ला आला आणि नव्वदच्या दशकात लोकांनी धडाधड जुने साधे फोर्क काढून सस्पेन्शन लावले. त्यातले रबराचे इलास्टोमर आता चिवट गूळ होऊन बसलेत, हवेवाल्यांची सीलं गेलीत, आणि फ्रेमची ठेवण बिघडते ती वेगळी, पुढचं चाक उंचावलं की हेडचा कोन पडतो. साधा मूळ फोर्क गॅरेजच्या कोपऱ्यात पडलाय का हे विकणाऱ्याला विचारायला विसरू नका, बऱ्याचदा असतो आणि त्यांना ते काय आहे हेच माहीत नसतं. तुमच्या फोटोतला मूळचाच दिसतोय, रंग जुळतोय.

काही पार्ट स्वतःच भाव खातात. शिमानोचा 1982 चा पहिला डिओर एक्सटी, ज्याच्यावर हरणाचं डोकं कोरलेलं आहे. सनटूरचा एक्ससी प्रो, ज्याच्या हबमध्ये बाहेरून ग्रीस भरता येतं. पहिला एक्सटीआर एम900. डब्ल्यूटीबीचे रोलरकॅम ब्रेक आणि हब, कुक ब्रदर्सचे क्रॅंक, क्रिस किंगचा हेडसेट, जांभळ्या अॅनोडाइज्ड रिंगलेच्या वस्तू. कधीकधी साध्या फ्रेमवर कोणा हौशी माणसाने हे सगळं चढवलेलं असतं आणि पार्टची बेरीज सायकलच्या दीडपट होते. तशी सायकल सोडवून पार्ट विकणारे आहेत, साध्या फ्रेमचं मला काही वाटत नाही. पण मूळ पार्टसकट तीसचाळीस वर्षं टिकलेली चांगली सायकल चार पैशासाठी फोडून विकणं मला पटत नाही, असले पूर्ण नग दरवर्षी कमी होतायत आणि एकदा फोडला की तो परत जुळत नाही.

रंगाचं पण तेच. ओरखडे असलेला मूळ रंग हा नव्या चकचकीत पावडर कोटिंगपेक्षा जास्त किमतीचा, इथे लोकांना पटतच नाही. पावडर कोटिंगचा जाड थर लगच्या बारीक कडा बुजवून टाकतो, स्टिकर गेलेले असतात, आणि खाली भेग असेल तर झाकली जाते, म्हणून नवीन रंगवलेली जुनी फ्रेम दिसली की मी आधी विचारतो की का रंगवली. घेतलीत तर कोमट पाणी आणि साधा साबण, मऊ फडका, मग कारचं वॅक्स. थिनर, पेट्रोल स्टिकरच्या जवळपास नेऊ नका. क्रोमवरचा गंज अल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासला की छान निघतो.

साइजचा विचार फार कमी लोक करतात. तेव्हा माप सीटट्यूबच्या इंचात सांगायचे, 17 ते 20 इंच पटकन विकली जाते. 22-23 इंचाची उत्तम फ्रेम महिनोनमहिने पडून राहते. आणि तुम्हालाच चालवायची असेल तर सगळ्यात आधी तुमच्या मापाची हवी, डांडीवरून दोन्ही पाय जमिनीवर टेकून मधे दोनतीन बोटांची जागा उरली पाहिजे.

भाव बघताना लोक काय मागतायत ते बघू नका, किती रुपयाला, म्हणजे डॉलरला, विकली गेली ते बघा. लिस्टिंगवर कोणीही 1200 लिहितो आणि ती वर्षभर तिथेच असते. विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावा, तेच मॉडेल, तेच वर्ष, शक्यतो तीच अवस्था. कोविडमध्ये सायकलीच मिळत नव्हत्या तेव्हा सगळ्याच जुन्या स्टीलच्या सायकलींचे भाव चढले होते, नंतर साध्यांचे उतरले, खऱ्या दुर्मिळांचे फारसे उतरले नाहीत. शिवाय एक नवीन गिऱ्हाईक आलंय, ज्याला संग्रह नकोय, त्याला नव्वदची स्टील फ्रेम घेऊन रुंद टायर, पुढे बास्केट, आणि वळलेलं हँडल लावून फिरायचंय. त्याला तुमच्या 88 च्या स्टंपजंपरसारखीच फ्रेम लागते, रॅक लावायला भोकं आहेत, लांब चेनस्टे आहे, चालवायला निवांत. त्यामुळे 150-200 च्या खाली ती सहज जाणार नाही, आणि म्हणूनच मी 200 म्हटलं.

एक सुरक्षेचं. फ्रेम चाळीस वर्षं टिकते, जुनं अल्युमिनियमचं हँडल आणि स्टेम (हँडल धरणारा तुकडा) टिकतंच असं नाही. चालवणार असाल तर नवं हँडल बसवा आणि मूळचं पिशवीत घालून तारीख लिहून ठेवून द्या. टायरचंही तसंच, बाजूने तडे गेलेले मूळचे टायर संग्रहाला ठेवा, रस्त्यावर नको.

पुण्याला न्यायचं म्हणत असाल तर 88 ची स्टंपजंपर त्याला उलट बरी. 26 इंची टायर आपल्याकडे सहज मिळतात, नव्वदच्या दशकापासून हीरो रेंजर आणि तसल्या सगळ्या सायकलींना तेच माप आहे. फक्त भावाला सांगा की टायरवर 26 x 1.95 किंवा 2.1 असं दशांशात लिहिलेलं घ्यायचं, 26 x 1 3/8 असं अपूर्णांकात लिहिलेलं घेतलं तर ते ह्या रिमवर बसणारच नाही, दोघांनाही 26 म्हणत असले तरी रिमचा व्यास वेगळा आहे. मागची सहा चकत्यांची फ्रीव्हील (चकत्यांचा गठ्ठा) गेली तरी साधी फ्रीव्हील तिकडेही मिळते. यू-ब्रेकचे पॅड मात्र इथूनच दोन जोड्या घेऊन ठेवा, आणि पावसाळ्यात सिंहगड रोडच्या चिखलातून आला की तो ब्रेक लगेच धुवायचा, नाहीतर पॅड टायरवर चढून बाजू कापतात.

शनिवारी परत जाल तेव्हा बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला नंबर, दोन्ही डिरेलरच्या मागची अक्षरं आणि सीटपोस्टवरचा आकडा, एवढे फोटो काढा. आजोबांकडे मूळ पावती किंवा मॅन्युअल असेल तर तेही मागून घ्या, बहुतेक वेळा एखाद्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं आणि ते खुशीने देतात.